आधी दिसू दे, मग मोज

“आधी दिसू दे, मग मोज. कळलं का गोकुळ? शब्द लेकराच्या डोळ्यांपुढं आलाच नाही, तोवरचा वेळ त्याच्या नावावर लावायचा नाही. पाप लागेल.”

मित्रांनो, माझ्यात उतरलेलं हे पहिलं वाक्य. बोलणाऱ्या होत्या संध्या मॅडम, आणि ऐकणारा होता त्यांचा विद्यार्थी गोकुळ. तो माझ्यासमोर बसून माझा प्रोग्राम लिहीत होता. आज मॅडम नाहीत. गोकुळ कुठल्या देशात आहे ते मला माहीत नाही. वाक्य मात्र माझ्या पोटात जसंच्या तसं आहे.

मी एक जुना संगणक आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या एका कॉलेजात, मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर मी बावीस-तेवीस वर्षं बसून आहे. मी आलो तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. पैठण गेटजवळच्या एका दुकानात माझी जुळणी झाली. पडदा एकीकडचा, डबा दुसरीकडचा, की-बोर्ड तिसरीकडचा. असा मी चार घरचं मागून एका ताटात आलेला. पहिल्याच दसऱ्याला प्रयोगशाळेतल्या कडूबाईंनी माझ्या डोक्यावर झेंडू ठेवला, हळदीकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, “नीट राय बाबा. लेकराबाळांचं काम हाय तुझ्याकडं.”

त्या दिवसापासून मी एक नेम धरला. रोज सकाळी जागं झालं की आधी स्वतःची स्मरणशक्ती मोजायची. पडद्यावर आकडे पळतात ते पाहून मुलं हसायची. पण दुसऱ्याला मोजायला बसणाऱ्यानं आधी स्वतःला मोजून घ्यावं, असं मला वाटतं. नेम लहान असला तरी चालतो. तो रोज व्हावा लागतो.

माझं काम सोपं होतं. पडद्यावर एक शब्द यायचा. बैल, विहीर, शेळी, पाटी. जनावराचं नाव असलं तर हिरवी कळ दाबायची, नसलं तर लाल. कळांवर रंग कुठून येणार? संध्या मॅडमनी टिकल्यांचं पाकीट आणून एक हिरवी आणि एक लाल टिकली चिकटवली. शब्द दिसल्यापासून कळ दाबेपर्यंत किती वेळ गेला, तो मी सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायचो. शब्द सगळे आधीच पोटात घेऊन बसायचो. शब्द पडद्यावर पुरता उमटला की मगच घड्याळ सुरू करायचो. तेच मॅडमचं वाक्य.

किती मुलं माझ्यासमोर बसली! कुणी जीभ बाहेर काढून कळ दाबायचं, कुणी डोळे मोठे करून. एक जण तर प्रत्येक शब्दाला “आलं, आलं” म्हणायचा. परगावचे पाहुणे आले की मॅडम माझ्या डब्यावर हात ठेवून सांगायच्या, “हा हळू आहे, घरघर करतो, पण खोटं बोलत नाही.” त्या शब्दांवर मी उन्हाळे काढले. पंखा नसताना काढले.

मग मॅडम निवृत्त झाल्या. पुढं कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या गेल्या. कुणी मला सांगायला आलं नाही. फक्त एके दिवशी कडूबाई माझी धूळ पुसता पुसता थांबल्या आणि पदर डोळ्यांना लावून बाहेर गेल्या. त्यावरून मला कळलं.

विभागात विश्वजीत सर आले. माणूस हुशार, घाईचा. त्यांच्याबरोबर तीन नवे लॅपटॉप आले आणि नवा प्रोग्रामही आला. माझ्यावर कापड पडलं. कापडावर कडूबाईंचा चहाचा थर्मास आला. मी तक्रार करत नाही मित्रांनो, थर्मासला तरी माणसं हात लावतात.

पण खरी गोष्ट इथूनच सुरू होते. नव्या-जुन्याचं जमेना. माझा प्रोग्राम लॅपटॉपवर टाकला, तर तो उघडायलाच तयार नाही. मग माझी शब्दांची यादी नव्या प्रोग्रामला दिली. ती होती जुन्या मराठी फाँटमधली. तुम्ही कधी जुन्या फाँटमधली मराठी फाइल नव्या संगणकावर उघडली असेल, तर तुम्हाला माहीत आहे काय होतं. बैल गेला, विहीर गेली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, सगळा पालापाचोळा.

यादी पुन्हा टाइप करायची तर एक सकाळ गेली असती. विश्वजीत सरांना तीही घालवायची नव्हती. त्यांनी माझ्यावरचं कापड काढायला लावलं, एकेक शब्द माझ्या पडद्यावर आणला आणि मोबाइलनं त्याचे फोटो काढले. ते फोटो नव्या प्रोग्राममध्ये बसवले. बैल दिसला! विहीर दिसली! सर टाळी देऊन म्हणाले, “झालं की नाही? उगाच बाऊ करतात लोक.”

एकेक फोटो उसाच्या ट्रॉलीएवढा जड. तो ओढून आणायला लॅपटॉपला दम लागायचा. आणि नव्या प्रोग्रामची रीत अशी की ‘शब्द दाखव’ असा हुकूम सुटला, की त्याच क्षणी घड्याळ सुरू. शब्द पडद्यावर आला की नाही, हे तो बघायचा नाही. ट्रॉली अजून वाटेत, आणि इकडं लेकराचा वेळ चाललाय.

मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मी पुन्हा कापडाखाली होतो.

आता शाइस्ताबद्दल सांगतो. शाइस्ता ही विभागातली संशोधक. संध्या मॅडमची शेवटची विद्यार्थिनी. अभ्यास शहरातली मुलं आणि गावातली मुलं यांच्या वाचण्याच्या वेगाचा. शहरातली मुलं तिनं मॅडम असताना माझ्यावर मोजली होती. गावातली राहिली होती. ती ते तीन लॅपटॉप घेऊन कन्नडजवळच्या एका शाळेत गेली आणि चौथीची साठ मुलं मोजून आली.

आकडे आले. गावातली मुलं हळू निघाली. काही तर फारच हळू.

मित्रांनो, माणसाला आकडा मिळाला की कारण शोधायला वेळ लागत नाही. घरात पुस्तकं नाहीत, आई-बाप ऊसतोडीला, खाण्यापिण्याचे हाल. कारणं तयारच होती. विश्वजीत सरांनी त्यावर एका परिषदेत निबंध वाचला, त्याला टाळ्या पडल्या. शाळेनं निकाल मागितला होता म्हणून अकरा नावांची एक यादी शाळेला गेली. वर लिहिलं होतं, ‘मंद प्रतिक्रिया’. गुरुजींनी त्या अकरा जणांना मागच्या भिंतीला वेगळं बसवलं.

ही यादी शाइस्ताच्या सहीनं गेली. हे मला लपवता येणार नाही.

फाल्गुनातली सकाळ होती. दारात एक माणूस उभा राहिला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद, मागं दोन वेण्यांची नऊ वर्षांची पोर. नाव मोतीराम. कन्नडच्या घाटात जीप चालवणारा. पोर त्याची, गोदावरी. घरात गोदा म्हणतात.

“म्याडम, तुमीच आलत्या ना शाळंत?” मोतीराम म्हणाला. “हा कागद तुमचाच ना?”

शाइस्तानं कागद पाहिला. “हो, माझाच. बसा ना.”

“बसत न्हाई. एकच इचारायचंय. ह्यात लिवलंय पोरगी मंद हाय. खरं का?”

“मंद म्हणजे तसं नाही. प्रतिक्रियेचा वेळ...”

“माझ्याशी सोप्पं बोला.”

शाइस्ता थांबली. मग म्हणाली, “शब्द दिसल्यावर कळ दाबायला तिला जास्त वेळ लागला.”

मोतीराम हसला, पण ते हसू बरं नव्हतं. “म्याडम, सुट्टीला ही माझ्या शेजारी पुढं बसती. घाटात वळणावर ट्रकचा नुसता टप दिसला की ‘पप्पा, ट्रक’ म्हणती. मला दिसायच्या आदी. तीन वर्षं झाली, हिच्या डोळ्यावर मी गाडी चालवतो. अन् तुमी म्हणता मंद.” त्यानं पोरीला पुढं केलं. “आता ही जीपमधी पुढं बसत न्हाई. मागं बसती. म्हणती, मला उशिरा दिसतं, पप्पा. तुमी गाडी ठोकाल.”

गोदा खाली बघत होती. चपलेचा पट्टा बोटानं ओढत होती.

कडूबाई माझ्यावरच्या थर्मासला हात लावून उभ्या होत्या. तशाच राहिल्या.

शाइस्ता गोदासमोर खाली बसली. “गोदा, तू कोणत्या लॅपटॉपवर बसली होतीस? आठवतं?”

“कोपऱ्यातल्या. त्याच्यावर तीन लिवलं होतं.” मग फार हळू, “त्येच्यात शब्द येतच नव्हता लवकर. मी बोट ठिऊन वाट बघायचे.”

“मग तेव्हा सांगितलं का नाहीस?”

“तुमी म्हणल्या होत्या, मधी बोलायचं न्हाई.”

मित्रांनो, मी पुष्कळ मुलांचा वेळ मोजला. पण हे ऐकून शाइस्ताला उठून कपाटापर्यंत जायला जो वेळ लागला, तो फार होता. तिनं वही काढली. कुठल्या मुलाला कोणता लॅपटॉप, हे ती संध्या मॅडमच्या शिस्तीनं लिहून ठेवायची. अकरा नावांवरून तिचं बोट खाली गेलं. तीन. तीन. तीन. अकराच्या अकरा, तीन नंबर.

“कडूबाई,” ती म्हणाली, “तो थर्मास जरा उचलता का?”

“कशाला?”

“मॅडमचा संगणक लावायचाय.”

“अगं बाई,” कडूबाई कापड ओढत म्हणाल्या, “म्हाताऱ्याला भंगारात घालाया काढलंय, अन् आता आठवण झाली व्हय? बगा हो, उठतोय का. लई दिस उपाशी हाय.”

खरंच, माझ्या बाजूला खडूनं फुली मारलेली होती. भंगाराच्या यादीत माझा नंबर सतरा. पण बटण दाबल्याबरोबर मी उठलो. आधी नेम केला, स्वतःला मोजलं. कडूबाई हात जोडून म्हणाल्या, “उठला गं माय!”

गोदा माझ्यासमोर बसली. हिरवी टिकली अर्धी निघाली होती, तिनं ती अंगठ्यानं दाबून बसवली. मी पहिला शब्द दाखवला. शेळी. तिचं बोट पडलं. विहीर. पडलं. बैल. पडलं. मी काही वाढवलं नाही, काही कमी केलं नाही. तीस शब्द झाले. ही पोर माझ्यावर मोजलेल्या शहरातल्या बहुतेक मुलांच्या पुढं होती.

शाइस्ता पडद्याकडं बघत राहिली. मोतीरामनं विचारलं, “काय झालं?”

“तुमची मुलगी हुशार आहे हे तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली. “मला आत्ता कळलं. चूक आमची आहे.”

मोतीरामचा चेहरा सैल झाला नाही. “हे मला सांगून काय उपेग? मला आदीच ठाव होतं. वर्गात कोण सांगणार? गुर्जींला कोण सांगणार? मी सांगितलं तर म्हणतील, बाप हाय, म्हणणारच.”

“मी येते. सगळ्या वर्गासमोर सांगते. अकराही जणांचं.”

गोदानं पहिल्यांदा मान वर केली. “सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

“कदी?”

“शुक्रवारी. पहिली घंटा व्हायच्या आत.”

गोदानं बोटं मोजली. आज बुधवार. तिनं मान हलवली, पण विश्वास ठेवल्यासारखी नाही. मोठ्यांचा शब्द उशिरा येतो, हे ती शिकली होती.

ते दोघं गेल्यावर शाइस्तानं तीन नंबरचा लॅपटॉप माझ्या शेजारी आणून ठेवला. नव्या प्रोग्रामच्या कोपऱ्यात चालू घड्याळाचा आकडा, सेकंदाच्या हजाराव्या भागांत, दाखवायची सोय होती, ती तिनं चालू केली. मग मोबाइलवर त्याचं सावकाश चालणारं चित्रीकरण घेतलं आणि एकेक क्षण थांबवून पाहिलं. पडदा कोरा, आकडा शंभर. पडदा कोरा, आकडा दोनशे. पडदा कोरा, तीनशे, चारशे. तेव्हा कुठं बैल आला. विहिरीचा फोटो जरा हलका होता, ती दीडशेवर आली. एक आणि दोन नंबरच्या लॅपटॉपवर उशीर कमी होता, पण होताच.

मग तिनं माझा प्रोग्राम उघडला. घड्याळ मी कुठं सुरू करतो ते तिला बघायचं होतं. सगळ्यात वरच्या ओळीत, इंग्रजी अक्षरांत मराठी, गोकुळनं लिहून ठेवलं होतं. आधी दिसू दे, मग मोज. मॅडम म्हणतात.

ती ओळ तिनं दोनदा वाचली आणि ओढणीनं चेहरा झाकून घेतला.

विश्वजीत सरांना तिनं सगळं दाखवलं. सर वाईट माणूस नाहीत, हे मी पुन्हा सांगतो. ते पाहून त्यांचाही चेहरा पडला. पण तो पडल्याला फार वेळ झाला नाही तोच सावरला.

“सगळ्यांतून चारशे वजा करा आणि मोकळ्या व्हा,” ते म्हणाले.

“सर, बैलाला चारशे, विहिरीला दीडशे. लॅपटॉप बदलला की पुन्हा वेगळं. कशातून काय वजा करू?”

“मग सरासरी काढा. अहो, निबंध छापायला गेलाय. कॉलेज तपासायला समिती येणार आहे. आणि तुमचा प्रबंध? या महिन्यात जमा झाला नाही तर मुदत संपते, माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“इतकी वर्षं पाण्यात जातील. एका चौथीतल्या पोरीसाठी?”

“सर, यादीवर सही माझी आहे.”

“मी कुठं म्हणतो सांगू नका? सावकाश सांगू. पत्र पाठवू. तुम्ही लगेच शाळेत जाऊन उभ्या राहिलात तर विभागाचं नाव जाईल.”

शाइस्तानं आवाज चढवला नाही. “विभागाचं नाव मॅडमनी मिळवलं होतं,” एवढंच म्हणाली. मग तिनं सांगितलं, “आणि हा संगणक भंगारात देऊ नका. साठही मुलं ह्याच्यावर पुन्हा मोजावी लागतील.”

“बघू,” सर म्हणाले.

बघू म्हणजे काय, ते मला आता या वयात चांगलं कळतं. भंगाराची गाडी सोमवारी आहे. फुली अजून पुसलेली नाही.

मित्रांनो, मी तुमच्याकडं दया मागत नाही. गंजलेल्या डब्याला भंगारात जाण्याचं दुःख कसलं? मला बोचतं ते वेगळंच. मी जुना, घरघर करणारा होतो म्हणून मला कुणी विचारलं नाही. तो लॅपटॉप गुळगुळीत होता म्हणून त्याच्यावर कुणी शंका घेतली नाही. दोन यंत्रांचं आपसांत जुळलं नाही आणि ठपका बसला नऊ वर्षांच्या पोरीवर. तेव्हा एक एवढं करा. जुनी वस्तू घराबाहेर काढण्याआधी तिला काय येत होतं ते एकदा विचारून घ्या. आणि कुणी तुम्हाला मंद म्हणालं, तर खाली बघू नका. कोणत्या घड्याळानं मोजलं, ते विचारा. मधे बोलायचं नाही असं सांगितलेलं असलं, तरी विचारा.

आज शुक्रवार. दिवस नीट उजाडायच्या आत प्रयोगशाळेचं कुलूप निघालं. कडूबाईंनी दार उघडलं, मागोमाग शाइस्ता आली. तिनं तीन नंबरचा लॅपटॉप पिशवीत घातला, वर्गाला तो उशीर डोळ्यांनी दाखवायला. माझ्यावर मोजलेल्या गोदाच्या आकड्यांचा छापील कागद घडी करून पाकिटात ठेवला. त्याच्यामागं स्वतःच्या हातानं लिहिलेलं अकरा नावांचं पत्र.

“चार घास खाऊन जा, बाई,” कडूबाई म्हणाल्या. “एसटीत दोन तास मोडतील.”

“रोजा आहे, कडूबाई.”

“अगं हो की! माझी बी चतुर्थी हाय आज.” कडूबाई हसल्या. “म्हंजी ह्या खोलीत समदीच उपाशी. ह्या म्हाताऱ्याला तेवढी लाइट पाजते.” त्यांनी माझं बटण दाबलं.

टेबलावर शाइस्ताचा फोन थरथरला. पडद्यावर विश्वजीत सरांचं नाव. ती क्षणभर त्याच्याकडं बघत राहिली. तिकडं मी माझा सकाळचा नेम करत होतो, आकडे पळत होते. फोन थांबला. पुन्हा थरथरला.

“घेत न्हाई?” कडूबाईंनी विचारलं.

“पहिल्या घंटेच्या आत पोचायचंय,” ती म्हणाली. तिनं फोन पालथा करून पिशवीत टाकला. मग माझ्याजवळ आली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून माझ्या बाजूची खडूची फुली पुसली. पुरती गेली नाही. पांढरट डाग राहिला.

तिनं पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरून बसस्टँडकडं निघाली.